निवड समितीचा अभिप्राय

६ जाने.

मेथी. अकरा जुड्या. टेबलावर तिघंच: मी, मथुराबेन, भास्करराव. जानकीची खुर्ची रिकामी.

साडेनऊला हितेशभाई तिला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. एसटी स्टँडवर सायवनच्या गाडीची वाट बघत बसली होती. पिशवीत खडूंची पेटी. "आज शाळा उघडते," म्हणाली. सायवनच्या शाळेतून ती निवृत्त झाली त्याला अठरा वर्षं झाली.

महिन्याभरात तिसऱ्यांदा.

हितेशभाई या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक होऊन चार महिने. उंबरगावकडचे. माणूस वाईट नाही. हेल्मेट काढून घाम पुसत म्हणाले, "मॅडम, आता काय तरी विचार करायला लागेल हां."

विचार म्हणजे ट्रस्टचं दुसरं घर, गुजरातच्या सीमेपलीकडचं. तिथे खोलीला बाहेरून कडी असते. गेल्या वर्षी इथून दोघी गेल्या. फोन लावला की नर्स उचलते. "आराम करतात," म्हणते.

जानकी बसली. पदर खोचला, जुडी सोडली. पानं इकडे, काड्या तिकडे. माझी एक होईपर्यंत तिच्या तीन झाल्या.

७ जाने.

फळ्यावर सूचना. "दि. १ फेब्रुवारीपासून चिरलेली भाजी बाहेरून येईल. निवासींनी स्वयंपाकघराकडे येण्याची तसदी घेऊ नये. निवासींच्या आरामासाठी."

पुन्हा तोच शब्द.

मथुराबेन तलासरीची. चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं. सूचना वाचून म्हणाली, "आराम तो मर्या पछी छे ज. मेल्यावर आहेच, आत्ता कशाला?"

भास्करराव रेल्वेत गार्ड होते. त्यांना वेगळीच काळजी. "चिरलेली म्हणजे कोणी चिरली? कधी चिरली? हात धुतले का? काही नोंद?"

आतून सुमन ओरडली, "मी नाय घालणार ती पातेल्यात!" सुमन स्वयंपाक करते. आगरची. घरी मासळी, इथे मेथी.

मला हसू आलं नाही. इथे येताना सगळ्यांनी सही केली आहे: प्रत्येकाने एका समितीवर काम करायचं. बाग, वाचनालय, भजन, भाजी. काम करतो तो स्वावलंबी, आणि हे घर स्वावलंबींसाठी. जानकीला बागेत नेलं तर ती फाटकाकडे चालू लागते. वाचनालयात नेलं तर पुस्तकांच्या पहिल्या पानावर पट मांडते: मुलगे इतके, मुली इतक्या. भजनात बसत नाही. "उगाच ओरडतात."

राहिलं हे टेबल. ते गेलं की ती कशावरच नाही.

८ जाने.

तुरीच्या शेंगा. दोन टोपल्या. भा.रा. टपाल घेऊन आले आणि उभ्याउभ्याच वाचू लागले.

"मा. निवड समिती यांस. श्रीमती जानकी यांच्या स्थलांतराबाबत नियम १४ अन्वये आपला लेखी अभिप्राय सात दिवसांत कळवावा."

पाकिटावर आमचाच पत्ता. खाली मुख्य कार्यालयाचा शिक्का.

मथुराबेन इतकी हसली की तिच्या मांडीवरचे दाणे सांडले. जानकीने वाकून एकेक उचलले.

नाव माझं. नऊ वर्षांपूर्वी नोंदवही सुरू केली तेव्हा 'भाजी समिती' लिहायला हात धजेना. कॉलेजात बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि शेवटी भाजी समितीची चिटणीस. म्हणून लिहिलं, निवड समिती. भाजी निवडते ती निवड समिती. तेव्हाही सगळे हसले होते. मग तेच चिकटलं. मेथी निवडतात, तूर सोलतात, हे मला कळतं. नोंदवहीत सगळी निवडच.

दुपारी नियमांची पुस्तिका काढली. नियम १४: "कोणत्याही निवासीस अन्यत्र हलविण्यापूर्वी निवड समितीचा लेखी अभिप्राय घेणे बंधनकारक राहील." ती निवड समिती म्हणजे ट्रस्टच्या लोकांची, कोणाला घ्यायचं नि कोणाला नाही ते ठरवणारी. ती कधी नेमलीच गेली नाही. कार्यालयात कोणी नवीन कारकून असणार. त्याने नियम वाचला, समिती शोधली, आमच्या वार्षिक अहवालात ती सापडली. चार नावं, पदं, सह्या. पत्र टाकलं.

चूक त्याची. शब्द माझा.

९ जाने.

टेबलावर वाद. पत्र परत करायचं की नाही.

भा.रा.: "चुकून आलेलं टपाल परत करतात."

मथुराबेन: "पाकिटावर नाव कोणाचं? आपलं. मग चुकून कसं?"

"नाव आपलं, पण माणसं आपण नव्हे."

"तुम्ही गार्ड होता ना? सिग्नल पडला तर गाडी सोडायचात की मास्तरला जाऊन विचारायचात, का पाडला म्हणून?"

भा.रा. शेंगा सोलू लागले.

मी म्हटलं, अभिप्राय द्यायचा. पण द्यायचा तर खरा. जानकी खरोखर इथे राहू शकते का, हे आधी बघायचं. नाहीतर आपणही ट्रस्टसारखेच, न बघता लिहिणारे.

जानकी म्हणाली, "कोण राहू शकते का?"

मी शेंगांची टोपली तिच्यापुढे सरकवली. समितीवर तीही आहे. चौथी सही तिची.

११ जाने.

पाळ्या लावल्या. सकाळ टेबलावर, सगळ्यांची. जेवणाआधी भा.रा. तिला फाटकापर्यंत नेऊन आणतात. दुपार माझी. संध्याकाळ मथुराबेनची. तक्ता आखला, शिसपेनने.

भा.रा. फाटकाशी थांबत नाहीत. चिकूच्या वाडीला वळसा घालून आणतात. "तिला बाहेर जायचं असतं. जायचं आणि यायचं. आपण फक्त जाणं बघतो," म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा.

रात्रीची वेगळी पाळी नको. मथुराबेन तिच्याच खोलीत असते. "ती घोरते, मी जागी. पहारा आपोआप."

१३ जाने.

आज तिला सांगितलं. दुपारी, व्हरांड्यात. सरळ सांगितलं: जानकीबाई, तुम्हाला दुसऱ्या घरी न्यायचं म्हणतात.

"कोण म्हणतं?"

ट्रस्ट.

"बदलीचा आदेश आलाय?"

तसंच काहीसं.

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "माझी तीनदा बदली केली. तीनदा रद्द करून आणली. पहिल्यांदा पंचायत समितीत जाऊन बसले. सकाळपासून. डबा घेऊन. साहेब म्हणाले, बाई घरी जा. मी म्हटलं, शाळेत जाते, सही द्या."

मग मला विचारलं, "तुमची कुठे होती शाळा?"

हे तिने मला नऊ वर्षांत पुष्कळदा विचारलं आहे. आधीही, तिला सगळं आठवत होतं तेव्हाही. कॉलेजला ती शाळाच म्हणते.

१४ जाने.

संक्रांत. हितेशभाई तिळगुळाचा डबा घेऊन टेबलाशी आले. "तिळगूळ घ्या," म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत. उभेच राहिले.

"मॅडम, ते पत्र. हेड ऑफिसवाल्यांची भूल झाली. ते निवड समिती म्हणजे सिलेक्शन. तुमची तर ही," त्यांनी टेबलाकडे हात केला. टेबलावर वालपापडी, वांगी, कोनफळ. सुमन उंधियू करणार होती. "तुमची ही भाजीची."

मी नोंदवही पुढे केली. म्हटलं, यात भाजी हा शब्द दाखवा.

त्यांनी पानं उलटली. "निवड समितीची बैठक सकाळी नऊ वाजता झाली. सर्व सदस्य हजर. काम वेळेत पूर्ण." नऊ वर्षं हेच. दर वर्षाच्या शेवटी ट्रस्टच्या अध्यक्षांचा शेरा: "निवड समितीचे कार्य स्तुत्य." सही.

कुठेच भाजी नाही. लिहिताना मी टाळला होता तो शब्द. लाजेखातर. आज तीच लाज कामाला आली.

"असं करू नका ना," हितेशभाई म्हणाले. "मी काय तुमचा दुश्मन थोडी आहे? मावशीला काय झालं रस्त्यावर, तर जबाबदार कोण? मी. माझी नोकरी."

खरं होतं. मथुराबेनने त्यांच्या हातावर दोन लाडू ठेवले. "खा. बीक लागते तेव्हा गोड खायचं." मग तिनेच दुरुस्त केलं, "भीती. भीती लागते."

वाटते, असं मी म्हणणार होते. राहू दिलं.

१६ जाने.

मुदत काल संपली. मथुराबेनने पत्राच्या मागे लिहून कळवलं होतं: दोन दिवस जास्त लागतील, काम बारीक आहे.

आज दुपारी माझी पाळी. व्हरांड्यात मसुदा लिहीत होते. 'जबाबदारी' खोडून 'काळजी' लिहिलं. मग पुन्हा 'जबाबदारी'. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी.

खोली, संडास, बाग, फाटक. वॉचमन नमाजाला गेलेला. रिक्षाने स्टँड. कंट्रोलर म्हणाला, सायवन गेली, वीस मिनिटं झाली. खडूवाल्या बाई? बसल्या की. खिडकीशी.

काळीपिवळी जीप मिळाली. नऊ माणसं, दोन बकऱ्या. पूर्ण वाटभर एकच विचार: अभिप्रायातलं प्रत्येक वाक्य खोटं आहे.

शाळेच्या ओट्यावर बसली होती. शेजारी पोषण आहार शिजवणारी बाई, पन्नाशीची, हातात पळी. मला बघून म्हणाली, "बाय आमच्या. मना लय मारलाय यांनी."

जानकी म्हणाली, "बाराचा पाढा म्हण."

"बारा एके बारा. बारा दुणे चोवीस. बारा त्रिक छत्तीस. बारा चोक…" अडली. हसायला लागली.

"हात पुढे कर."

त्या बाईने खरंच हात पुढे केला. जानकीने त्यावर खडू ठेवला.

परतीच्या गाडीत मला म्हणाली, "तुम्ही कशाला आलात?"

न्यायला.

"मी रस्ता चुकले होते का?"

नाही, म्हटलं. मग तिला डुलकी लागली, डोकं माझ्या खांद्यावर. खांदा अजून दुखतो आहे.

फाटकाशी मथुराबेन आणि भा.रा. दोघंही उभे. भा.रा. म्हणाले, "लिहू नका हे. कुणाला कळलेलं नाही."

१७ जाने.

लिहिलं.

अभिप्राय, पूर्ण:

"१. श्रीमती जानकी या समितीवर नऊ वर्षे आहेत. काम चोख.
२. दि. १६ रोजी दुपारी, चिटणीस यांच्या पाळीत, चिटणीस यांचे लक्ष नसताना, त्या एकट्या सायवनला गेल्या. जिथे जायचे होते तिथेच पोचल्या. चूक चिटणीस यांची.
३. त्यांना दिवसभर सोबत लागते. ती समिती देते. पाळ्यांचा तक्ता जोडला आहे.
४. त्यांची इच्छा इथेच राहण्याची आहे. समितीने त्यांना विचारले. ट्रस्टनेही विचारावे.
५. त्यांना हलवू नये."

दुसरा मुद्दा काढा, असं भा.रा. तीनदा म्हणाले. मी म्हटलं, तो काढला तर बाकीचे चार कोण मानेल?

जानकीला वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेतला, लाल पेन मागितलं. खाली लिहिलं: ७/१०.

"तीन कुठे कापले?"

"अक्षर."

मग सही केली. वळणदार, सरळ रेषेत. चौघांच्या सह्यांत तेवढीच वाचता येते.

स्वच्छ प्रत पुन्हा काढायला हवी होती. काढली नाही. लाल गुणांसकट पाठवली.

२० जाने.

अध्यक्ष स्वतः आले. पांढरी गाडी, पांढरा सदरा. मऊ बोलतात. आम्हाला ऑफिसात बोलावलं. मी कळवलं, आत्ता समितीचं काम चालू आहे, इथेच या. आले. मथुराबेनने मटारची टोपली सरकवून जागा केली.

"सुमतीताई, भाषा तुमचा विषय. तुमच्याशी मी वाद घालणार नाही." एक कागद ठेवला. त्यावर एकच वाक्य, टाइप केलेलं: "नोंदवहीतील निवड समिती म्हणजे भाजी निवडणारी समिती, हे आम्ही कबूल करतो."

"एवढी सही द्या. चिरलेल्या भाजीची सूचना मी आत्ता काढतो. टेबल राहील. समिती राहील. वर पंखा लावून देतो."

आणि जानकीबाई?

"त्यांचं डॉक्टर बघतील. तुम्ही त्यात कशाला पडता?"

तेवढ्यात भूकंपाचा हादरा बसला. नेहमीचा, लहान. भांडी वाजली, पत्रा कुरकुरला. अध्यक्ष उठून दारापर्यंत गेले. ते मुंबईला राहतात. आमच्यापैकी कोणी उठलं नाही. जानकीने टोपलीवर हात धरला, मटार घरंगळू नयेत म्हणून.

परत येऊन बसले. मला म्हणाले, "यातलं काय खोटं आहे, ताई? सांगा."

काहीच नाही, म्हटलं.

"मग सही?"

करणार नाही. तुम्ही विचारलंत, आम्ही उत्तर दिलं. उत्तर आवडलं नाही म्हणून आता आम्ही कोण ते विचारताय.

मथुराबेन म्हणाली, "साहेब, दर वार्षिक सभेला आमच्या हातची भाजी खाल्लीत. नऊ वर्षांत एक अळी निघाली?"

"नाही."

"मग आम्ही निवडतो ते बरोबरच असतं ना?"

अध्यक्ष हसले. कागद मात्र टेबलावरच ठेवून गेले.

२१ जाने.

भा.रा.नी सही केली. संध्याकाळी, ऑफिसात जाऊन, एकट्याने. हितेशभाईंनीच सांगितलं. आनंदाने नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले. बुटांना पॉलिश करत होते. रोज करतात.

"खरं आहे ते खरं आहे, प्राध्यापकबाई. आयुष्यात खोट्या नोंदीवर मी सही केली नाही."

मग १७ तारखेची खोटी होती?

"तीही खरी."

दोन्ही कशा खऱ्या?

ब्रश खाली ठेवला. "ते तुम्ही बघा. शब्द तुमचे. मी फक्त सही करतो."

मला वाईट बोलायचं होतं. पुरेसं वाईट काही आठवलं नाही. साठ वर्षं वाचून ऐनवेळी एक शब्द सापडू नये.

२२ जाने.

चवळीच्या शेंगा. भा.रा. आले. टेबलाच्या टोकाशी बसले. मथुराबेनने किडक्या शेंगांचा ढीग त्यांच्यापुढे ओतला. त्यांनी तो मुकाट्याने निवडला.

साडेअकराला उठले. जानकीला म्हणाले, "चला बाई, वेळ झाली." दोघं वाडीकडे गेले. तो काठी डाव्या हातात धरतो, कारण ती उजवीकडून चालते. (त्यांच्याविषयी 'तो' लिहिलं गेलं. राहू दे. रागात लिहिलेलं आहे.)

सव्वाबाराला परत.

२८ जाने.

मुख्य कार्यालयाचं उत्तर. या वेळी पाकिटावर माझं एकटीचं नाव.

अभिप्राय "माहितीस्तव दाखल" केला आहे. भास्कररावांच्या सहीने "समितीचे स्वरूप स्पष्ट झाले" आहे. निवड समिती या नावाची समिती "आजपासून अस्तित्वात नाही". जानकीबाईंच्या चिरंजीवांकडून संमतीपत्र घेतलं जाईल. गाडी सोमवार, दि. ३ रोजी सकाळी दहा वाजता येईल.

वाचून दाखवलं. मथुराबेन म्हणाली, "अस्तित्वात नाही, तर मग पत्र कोणाला पाठवलं?"

भा.रा.नी पत्र मागून घेतलं. दोनदा वाचलं. 'भास्कररावांच्या सहीने' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. दुपारी जेवले नाहीत.

आजच्या नोंदीत लिहिलं: निवड समितीची बैठक सकाळी नऊ वाजता झाली. सर्व सदस्य हजर.

३० जाने.

रमेश आला. जानकीचा मुलगा. वेवजीला एका खोलीत राहतो, बायको, दोन मुली. कारखान्यात मशीनवर. रात्रपाळी संपवून थेट आला, डोळे लाल.

मी भाषण तयार ठेवलं होतं. स्वातंत्र्य, मान, इच्छा. त्याने सुरूच करू दिलं नाही.

"मॅडम, डिसेंबरपासून तीनदा फोन आला. आई हरवली. मी मशीनवर उभा. मशीन सोडून निघता येत नाही. हात आत जातो माणसाचा. तिकडे कडी आहे म्हणतात. मी म्हटलं, बरं आहे. मग वाटलं, मी हे काय म्हटलं."

संमतीपत्र त्याच्या खिशात होतं. घडी घातलेलं.

जानकी त्याला ओळखत होती. "जेवलास का?" विचारलं. मग म्हणाली, "गृहपाठ?"

"झाला, आई."

"दाखव."

त्याने खिशाला हात लावला. काढला नाही.

मी भाषणाऐवजी पाळ्यांचा तक्ता दिला. त्याने बसून शब्दन् शब्द वाचला, सोमवारपासून. बोट ठेवून. विचारलं, "रविवारी संध्याकाळी कोण?"

मथुराबेन रविवारी लेकीकडे जाते. ती जागा मी तीन रविवार ओढून नेते आहे, खरं तर जमत नाही. तेच सांगितलं.

त्याने पेन मागितलं. रविवारच्या चौकोनात लिहिलं, रमेश. अक्षर आईसारखं.

पेन परत केलं. संमतीपत्र खिशातच. निघताना म्हणाला, "सही केलेली नाही अजून. करणार नाही असंही म्हणत नाही, मॅडम. खोटं कशाला बोलू?"

त्याच्यावर रागावता आलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

१ फेब्रु.

चिरलेली भाजी आली. प्लास्टिकच्या पिशव्या, कोबी आणि फरसबी. टेबल स्वयंपाकघराच्या बाजूने उचलून सभागृहात नेलं होतं, वर कॅरम ठेवला होता. भा.रा. आणि सुमन यांनी ते परत आणलं. सुमन पुढून, भा.रा. मागून. हितेशभाई व्हरांड्यात उभे होते. अडवलं नाही. कॅरम मात्र स्वतः उचलून घेऊन गेले.

जानकीने एक पिशवी फोडली. कोबीचे तुकडे ताटात पसरले. काळे पडलेले एकीकडे. निम्मं ताट.

"हे कोणी तपासलं?"

कोणी नाही.

"परत पाठवा."

सुमनने पाठवलं. टेम्पोवाल्याला म्हणाली, "कमिटीने नापास केलाय माल." तो विचारतो, कुठली कमिटी? "हीच. ही काय बसलीय."

जेवणात पिठलं झालं. सगळ्यांनी जास्त खाल्लं.

दुपारी हितेशभाई आले. गाडी सोमवारी दहाला, नक्की. रमेशचा होकार आला का? त्यांना माहीत नाही. नकार आला का? तेही नाही. "तो फोन उचलत नाही, मॅडम. कागद आला तर गाडी नेणार. नाही आला तरी गाडी तर येणार." मग खाली बघून, "मी सोमवारी सुट्टी टाकू काय?"

टाकू नका, म्हटलं. बघायला या.

उद्या रविवार. संध्याकाळच्या चौकोनात रमेशचं नाव आहे. येईल की नाही, आणि आला तर काय घेऊन येईल.

चारला बैठक घेतली. ठराव नोंदवहीत लिहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा 'काम वेळेत पूर्ण' लिहिलं नाही. ठराव: पुढील बैठक सोमवार, दि. ३, सकाळी साडेनऊ. जागा: फाटक. विषय: हरभरा. भाजीवालीला सांगून ठेवलं आहे, जुड्या सोलायला वेळ लागेल अशा घाट्यांनी भरलेल्या हव्यात, दुपारपर्यंत पुरतील इतक्या.

मथुराबेन सूचक. जानकी अनुमोदक. तिला विषय समजावून सांगितला. गाडी येणार, तुम्हाला नेणार, आपण फाटकात बसणार. ऐकून घेतलं. म्हणाली, "डबा घ्या बरोबर. वेळ लागतो."

भा.रा. बैठकीला नव्हते. त्यांना बोलावणं पाठवावं की नाही यावर मथुराबेनशी वाद झाला. शेवटी मीच त्यांच्या खोलीत जाऊन कळवलं: सोमवारी, फाटक, साडेनऊ.

येतो म्हणाले नाहीत. खिडकीतून फाटकाकडे बघत राहिले.

"बारा फुटी आहे," म्हणाले. "चार खुर्च्यांनी अडणार नाही. सहा लागतील."